तीन आठवडे पुढे

कायद्याच्या मराठीत मला 'धनको' म्हणतात.
नावात धन, आणि येणं अकरा लाख चाळीस हजार,
पुठ्ठ्याच्या खोक्यांचं, दोन वर्षांच्या बिलांचं,
शेवटच्या बिलावर चहाच्या कपाचा गोल डाग.

कफ परेडच्या त्या गारठलेल्या खोलीत
आम्ही एकोणीस धनको, एकमेकांकडे न बघता बसलेले.
वाळूवाला कुशवाह, सोडा पुरवणारे रांभिया,
बँकेच्या तलपदेबाई, ज्यांचा एकटीचा आकडा
आमच्या सगळ्यांच्या बेरजेच्या वर.
मागच्या बाकावर मेघजी सावला, कंपनी ज्यांची,
स्वतःच्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत.

मी अवसायनाच्याच बाजूचा होतो. खोटं कशाला बोलू?
शेड विका, साचे विका, वजनकाटा विका,
रुपयाला सहा पैसे हातावर ठेवा आणि मोकळं करा.
अडुसष्ट हजार चारशे.
गणित मी टॅक्सीतच करून आलो होतो.

मग वर्टी वकीलबाई उठल्या.
म्हणाल्या, इतक्यात मोडीत काढू नका,
प्रशासक बसू दे, औषधाच्या बाटल्यांना मागणी आहे,
वसईचा एक जण पैसे घालायला तयार आहे,
कदाचित रुपयाला तीस पैसे, धनकोंच्याच हिताचं आहे.
आणि शेवटी, विसरत होत्या तेवढ्यात आठवल्यासारखं:
भट्टी अजून पेटती आहे.

साहेबांनी चष्मा काढला. "विझवली तर?"
एकाही वकिलाला माहीत नव्हतं.
दाराजवळून बस्त्याव उठला, न विचारता,
"काच आतच बसते, साहेब.
मग भट्टी नाय ती. दगड."

तीन आठवडे पुढे.
एवढाच हुकूम.

गॅसचं बिल कोण भरणार, ते जिन्यात ठरलं.
अर्धं बँक, उरलेलं आम्ही, ज्याच्या त्याच्या येण्याच्या प्रमाणात.
म्हणजे ज्याचं जास्त बुडालं त्यानं जास्त घालायचं.
"मेलेल्याला सलाईन," कुशवाह म्हणाला,
आणि पहिला चेक त्यानंच फाडला.
माझे चौदा हजार दोनशे.

संध्याकाळी भांडुपला गेलो. उगाच.
बस्त्यावनं निळी काच हातात दिली, यातून बघा.
आधी काहीच हलत नव्हतं.
मग दिसलं, हलतंय,
दोनतारी पाकासारखं, कसलीच घाई नसल्यासारखं.
पगार सात महिने नाही, तरी
रात्री दोनला उठून हा माणूस
हीच काच डोळ्याला लावतो.
मी विचारलं नाही का ते.

घरी वही उघडली.
हे चौदा हजार येण्यात लिहिले तर हसू येतं,
खर्चात लिहिले तर
आपणच कॉक बंद केल्यासारखं वाटतं.
शेवटी समासात लिहिले, पेन्सिलीनं,
आणि खाली पुढची तारीख.
रेघ मारली नाही.