खालचा आकडा

गुदैबियातल्या आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये
दर शनिवारी मी लेबलं चिकटवतो.
मोइदूकुट्टी कागदावर आकडे लिहून देतो,
मी ते पिस्तुलासारखं यंत्र चालवतो, टक्, टक्,
टोमॅटो पेस्टवर, साबणावर, दूध पावडरीच्या डब्यांवर,
जुन्या किमतीच्या अंगावर नवी.
जुनी काढायला वेळ नसतो.
एकेका डब्याला चार चार साली आल्यात.

मग सायकल.

जुफैरच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर नेर्लेकर वहिनी.
दार उघडलं की आधी गार हवा बाहेर येते, मग त्या.
"महागाई बघ ना रे केवढी," म्हणतात,
मराठीत म्हणतात, म्हणून मला बरं वाटतं.
खोटं नाही बोलत त्या.
स्वित्झर्लंडचं चीज सोडून डेन्मार्कचं घेतलंय,
बदाम दोन किलोंवरून दीडवर आलेत,
युरोप पुढच्या वर्षी, यंदा जॉर्जियाच.
तेल चढणार अशी कुणकुण लागली तेव्हा
त्यांनी सहा डबे एकदम मागवले, मीच वाहिले.
वाढ त्यांच्या स्वयंपाकघरात पोचायला तीन महिने लागले.
डबे ठेवायला खोली आहे. खोलीला दार आहे.

आमच्या मागच्या गल्लीत, जिना चढून,
एका खोलीत सात खाटा.
श्रीपत बाईत, हनीफ परकार, करीमनगरचा गंगय्या,
बाकीचे रात्रपाळीचे, मी त्यांची फक्त पांघरुणं ओळखतो.
इथे तेल पाव लिटरच्या बाटलीतून येतं
आणि बाटलीतलं तेल डब्यातल्यापेक्षा महाग पडतं.
हे हनीफला माझ्याआधी कळलं होतं.
शाळा चौथीपर्यंत, पण भागाकार पक्का.
"एकदम घ्यायला एकदम लागतात," एवढंच म्हणाला.

थोडा हलका तांदूळ घेऊन बघा, असं मी एकदा सांगायला गेलो.
श्रीपत हसला.
"सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला
उतर म्हणतोस होय?"

तरी उतरले ते.
अंडी ट्रेवरून डझनावर, डझनावरून सुटी.
गंगय्याने चहा सोडला, पित्त होतं म्हणतो.
घरी पाठवायचा आकडा मात्र तोच,
भावाची फी, बापाची औषधं, तो हलत नाही.
हलतं ते ताटातलं.

आणि माझं सांगायचं तर,
वहिनी आधी म्हणायच्या, "राहू देत सुटे."
शंभर फिल्स, कधी दीडशे.
असे आठ-दहा दरवाजे झाले की
भट्टीवरची रोटी आणि नखीची वाटी सुटायची
(नखी म्हणजे आपले छोलेच).
गेल्या महिन्यापासून त्या दारात थांबतात.
हात पुढे करत नाहीत, पण दारही लावत नाहीत.
मी खिशातून नाणी काढतो, मोजतो,
त्या चपलांच्या रॅककडे बघत राहतात.
त्यांना लाज वाटते, ते दिसतं मला.
आणि मला त्यांचं वाईट वाटतं, हेही खरंच.
माणसाला काटकसर कुठून तरी सुरू करावी लागते.
त्यांची माझ्यापासून झाली.

काल शटर ओढायच्या वेळी श्रीपत आला.
दूध पावडरीचा लहान डबा उचलला,
ट्यूबलाइटखाली धरला
आणि अंगठ्याच्या नखाने लेबल खरवडू लागला.
एक निघालं. दुसरं. तिसरं अर्धवट फाटलं.
सगळ्यात खालचा आकडा दिसला तेव्हा
ओठ हलवत त्याने तो दोनदा वाचला.
"पोरगी झाली त्या आठवड्यात एवढ्याला होता."
मग वरच्या किमतीची नाणी गल्ल्यावर मांडली.
पंचवीस फिल्स कमी पडले.

मोइदूकुट्टीने उधारीची वही उघडली.