सबब

प्रेस्टनच्या इस्पितळात, तळघरात,
तक्रारींना उत्तरं लिहायचं माझं काम.
पहिल्याच आठवड्यात ग्लेनिसनं बजावलं:
पत्रात 'सॉरी' घालायचं नाही.
ते जिन्यात खांद्याला खांदा लागला तर.
पत्रात 'अपॉलॉजाइज', तेही 'आम्ही'.
आणि वकिलाचा वास आला
की 'रिग्रेट'.
पाऊस पडल्याचंही रिग्रेट करता येतं, म्हणाली,
ढग आपले नसले तरी.

ग्लेनिसचा डावा कान गेलेला.
दिवसभर 'पार्डन? पार्डन?'
सुरुवातीला वाटायचं,
ही बाई सारखी माफी कशाची मागते?

'एक्सक्यूज'चं तर आणखीच विचित्र.
स्पेलिंग एक. शेवटी जहाजातला ज आला
तर वाट द्या, जाऊ द्या, सोडून द्या.
तोच स होऊन फुस्स झाला
की बस चुकली, घड्याळ थांबलं, कुत्रं आजारी.
जिभेच्या टोकाला केसाएवढं अंतर
आणि बारा वर्षं मी कुठल्या बाजूला,
हे मला कुणी विचारलं नाही.

मग मिस्टर थ्रेलफॉलनी आमचं पत्र परत पाठवलं.
त्यांची बायको ट्रॉलीवर अकरा तास होती.
आम्ही लिहिलं होतं,
झालेल्या 'एनी डिस्ट्रेस'बद्दल.
त्यांनी निळ्या पेनानं एकाच शब्दाला गोल केला होता.
एनी.
बाकी काही नाही. सहीसुद्धा नाही.

काम चालू, रस्ता बंद,
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत:
आमच्या चौकातली पाटी आठवली.
ती तरी बरी. गैरसोय झाली, हे तिला मान्य होतं.

पण मराठीनंही फार मिरवू नये.
आमच्यात कप फुटतो. कुणी फोडत नाही.
फार तर हातून फुटतो,
हात कुठूनतरी आलेला,
आपण शेजारी, साक्षीला.
'माझं चुकलं' म्हणतानाही
चुकलेलं ते नपुंसकलिंगी काहीतरी,
माझ्या नावावरचं,
पण भाड्यानं दिलेलं.
आणि सबब!
बाबा कचेरीत लिहायचे, 'सबब, अर्ज नामंजूर.'
घरी येऊन म्हणायचे, 'सबबी सांगू नकोस.'
एकाच शब्दानं दार लावायचं
आणि त्याच शब्दाच्या खिडकीतून पळायचं.

नलूला मी तीन सांगितल्या होत्या.
रजा. तिकीट. पासपोर्ट व्हिसासाठी अडकलेला.
बाबांना दवाखान्यातून घरी आणलं, परत नेलं,
मग आणलं ते वेगळं.
तिन्ही खऱ्या होत्या.
खऱ्या असल्या म्हणून
सबबी नव्हत्या असं नाही.

थ्रेलफॉलना नवं पत्र लिहिलं.
'एनी' काढला, 'अकरा तास' घातले.
मॅनेजरनं 'एनी' परत घातला.
छापताना मी परत काढला.
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

त्या संध्याकाळी फिशरगेटच्या स्टॉपवर
एका म्हाताऱ्याच्या बुटावर माझा पाय पडला.
'सॉरी, लव्ह,' म्हणाला. तोच. चेंगरलेला.
मला काही सुचेना. बस आली, तो चढला,
मी मागच्या बसची वाट बघत राहिले.

शनिवारी फोन लावला.
इचलकरंजीत दिवेलागण,
मागे यंत्रमाग.
'नलू,' म्हटलं, 'मी चुकले.'
कर्ता पहिला. प्रथमा.
विभक्तीचा आडोसा नाही.

खटक-खटक, खटक-खटक.

'काय?' ती ओरडली. 'ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण.'

ग्लेनिसच्या डाव्या बाजूला उभी असल्यासारखा
मी दम घेतला.