अकरा बादल्या

पहाटे साडेचारला मालोकाचं दार करकरतं
आणि माझं काम सुरू होतं.
अकरा बादल्या, निळ्या, प्लास्टिकच्या,
पुकाल्पाच्या बाजारातून ठोक भावात आणलेल्या.
कडी तुटली की विल्देर तारेने बांधून देतो.

पाहुणे अजून गाद्यांवर पडलेले.
कुणी अंधाराकडे बघून हसतंय,
कुणी स्वतःचाच हात धरून बसलंय
फार वर्षांनी भेटल्यासारखा.
मी पाय न वाजवता बादल्या उचलते.
कासिल्दा मावशी बजावते,
रात्रभर उघडं राहिलेलं माणूस
लगेच मिटत नाही, जपून चाल.

ओढ्याच्या खालच्या अंगाला
मी राखेने घासायला बसते.
काय असतं त्यात? फारसं काही नाही.
तपकिरी पाणी, वेलीचा कडू मातकट वास,
दुपारच्या अळणी केळ्याचा एखादा धागा.
नाश्त्याला मात्र ते एकमेकांना सांगतात:
बापाचा पट्टा पडला त्यात,
पंधरा वर्षांची नोकरी पडली,
एकीचं तर अख्खं लग्न, एका उमाळ्यात.

मला पट्टा कधी सापडला नाही.
एकदा चांदीचं कानातलं सापडलं.
परत द्यायला गेले तर बाई रडली, म्हणाली, ठेव तुला,
आता मला कशाचीच गरज नाही.
बोट सुटायच्या सकाळी
तिने ते परत मागितलं.
मी दिलं. पुडीत बांधूनच ठेवलं होतं.

पूर्वी पिणारा एकटा वैदू असायचा.
आजारी माणूस नुसता पडून राही,
आणि वैदू त्याच्यासाठी कडू होई.
आता सगळेच पितात,
आणि मावशी एकेकासमोर बसून
गात गात चाचपते, कुणाचं दुखणं कुठे संपतं
आणि शेजारच्याचं कुठे लागतं.
तिचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो हल्ली.
त्यांना वाटतं, तेही गाण्यातच आहे.

परसातली वेल मनगटाएवढी झाली तेव्हाच तोडली.
विल्देर आता दोन दिवस नदीने वर जातो,
पेट्रोल उधारीचं,
आणि पोतं अर्धंच भरून आणतो.

चौथ्या रात्रीनंतर तो आला,
रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवणारा योरिस,
अनवाणी, चिखलात पाय जपत.
माझी बादली धुऊ नका, म्हणाला
मोडक्या स्पॅनिशमध्ये, चोरी कबूल करावी तसं.
ती कोरडीच आहे. चारही रात्री.
सगळ्यांचं निघालं. माझंच निघत नाही.

मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.
कोरडी बादलीही मी रोज ओली करून
बाकीच्यांत मिसळत होते,
उगाच कुणी मोजू नये म्हणून.

तो दगडावर बसला. बराच वेळ.
मग विचारलं, तुम्हाला काय दिसलं इथे, इतक्या वर्षांत?
अकरा बादल्या, मी म्हटलं.
हसला. मीही.

त्याला सांगितलं नाही ते असं:
माझ्या भावाने आमची सेदारची झाडं विकली,
कागदावर सही माझी, हात त्याचा.
सगळे म्हणाले, भाऊ आहे, पोटात घाल.
घातलं.
अजून आहे तिथेच.
दर रविवारी तो जेवायला येतो,
मी त्याला माशाचा मधला तुकडा वाढते,
आणि ते आत कूस बदलतं.
मावशीने दोनदा पेला पुढे केला होता.
दोन्ही वेळा मी म्हटलं, उद्या बघू.

ऊन टेकडीवरून उतरून पाण्यापर्यंत आलं.
योरिस उठला, काही बोलला नाही,
जाताना दहा बादल्या एकात एक घालून
माझ्यासाठी वर घेऊन गेला, बंदरातल्या माणसासारखा,
वजन अंगाला न लागू देता.

अकरावी मी राखेने घासली,
आतून, बाहेरून, बुडाशी,
दोनदा विसळून उपडी घातली.
थेंब पडत राहिले थोडा वेळ.

कडी पुन्हा सैल झालीये.
विल्देर, तार आण.