तीस सेकंदांचं पाणी

शेफिल्डच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
तीस सेकंदांचं पाणी वाहायला
अकरा तास लागतात.
संध्याकाळी मी पूर सोडून घरी जाते,
कुकर लावते, केस धुते,
सकाळी येऊन बघते
कुठवर आलाय.

बहुतेकदा मधेच फुटलेला असतो.
कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या पेटीत
पाण्याचा वेग प्रकाशाच्याही पुढे गेलेला,
आणि पडद्यावर एक थंड ओळ : उत्तर जुळत नाही.
मग काळाचे आणखी बारीक तुकडे करायचे,
जाळी उसवून पुन्हा विणायची,
वळणापाशी दाट.

चाळीस लाख पेट्या.
प्रत्येकीला एकच प्रश्न : तुझ्यात पाणी किती?
एक म्हणजे काठोकाठ. शून्य म्हणजे नुसती हवा.
जिथे उत्तर अर्धंमुर्धं येतं
तिथे पाण्याची पाठ आहे
असं आम्ही धरून चालतो.
माझं पोट या अर्ध्यामुर्ध्या आकड्यांवर आहे.

हॅरप क्लफचं धरण अठराशे बहात्तरचं.
मातीचं, अंगभर गवत, गवतावर मेंढ्या,
कडेने दगडी पायऱ्यांचा सांडवा
आणि मधे एक वळण,
का घेतलं ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.
खाली साडेचारशे घरं,
एक शाळा, बोलिंगचं हिरवं मैदान.

क्लाइव्ह ऑग्डन तिथला राखणदार. एकतीस वर्षं.
व्हॅनच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून
मी त्याला माझा पूर दाखवला.
दहा हजार वर्षांतून एकदा येणारा,
निळा, वेग वाढेल तसा लाल.
तो म्हणाला, फार स्वच्छ आहे हो तुमचं पाणी.
आमचं येतं कोऱ्या चहासारखं,
सोबत झाडोरा, मेलेली मेंढी,
एकदा तर कुणाच्या बागेचं अख्खं दार आलं होतं,
कडीसकट.

तेराव्या सेकंदाला
वळणावरची लाट भिंत चढली,
क्षणभर थांबल्यासारखी वाटली,
आणि पलीकडे सांडली.
क्लाइव्ह काही बोलला नाही.
टोपी काढली, पुन्हा घातली,
आणि मला चालवत त्या जागी घेऊन गेला.

ऑगस्ट होता, सगळा डोंगर पिवळा.
फक्त भिंतीमागे चटईएवढा तुकडा
हिरवागार.
दोनदा भर घातली इथे, तो म्हणाला,
दोनदा बसली.
वहीत लिहिलंय. वरती कळवलंय.
वरून उत्तर आलं होतं, नोंद घेतली.

आमच्याकडे म्हणतात,
पाणी कुठेतरी मुरतंय.
हिशेबांबद्दल म्हणतात, लग्नांबद्दल,
अचानक गोड बोलू लागलेल्या माणसांबद्दल.
मी त्याला हे समजावायला गेले.
त्याने बुटाच्या टाचेने गवत दाबलं,
खड्ड्यात हळूहळू पाणी जमलं.
नाही, तो म्हणाला, इथे खरंच मुरतंय.

अहवालात मी लिहिलं :
वळणावरची भिंत सहाशे मिलिमीटरने वाढवावी,
दगडांमधले सांधे भरावेत.
हिरव्या तुकड्यासाठी रकाना नव्हता.
फोटो परिशिष्टात टाकला,
खाली क्लाइव्हच्या वहीतल्या तारखा,
त्याच्याच अक्षरात.

आणि काल रात्री, कुणी सांगितलं नसताना,
मी पाण्यात एक दार सोडलं.
लाकडी, दोन मीटर बाय एक,
घनता साडेसहाशे.
कडीचं वजनही धरलं.
घरी गेले नाही. खुर्चीतच बसून राहिले,
मशीनचे पंखे ऐकत.
दार पायऱ्यांवरून आपटत आलं,
एकदा उभं राहिलं, एकदा उलटं झालं,
पहाटे चारला वळणावर आडवं अडकलं
आणि त्याच्यामागे पाणी चढू लागलं,
एकेका पेटीत, एकेका आकड्याने,
वाढवलेल्या भिंतीच्याही वर.

मी आठ वाजायची वाट बघतेय.
क्लाइव्ह त्याआधी फोन उचलत नाही,
मेंढ्या हाकलत असतो.