अवलंबित

लग्नानंतर सातव्या आठवड्यात मला एक कार्ड मिळालं.
फोटो, रक्तगट, डाव्या भुवईवरचा व्रण,
आणि नात्याखाली एक शब्द: अवलंबित.
फॉर्मवर 'पत्नी' आधीच छापलेलं होतं.
कारकुनाने पट्टी ठेवून ते खोडलं,
वर बारीक अक्षरात 'पती' लिहिलं
आणि म्हणाला, होईल सवय.
कोणाला, ते सांगितलं नाही.

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
मी रबाळ्याच्या कारखान्यात रंगांचे नमुने तपासतो.
निळ्याच्या एकवीस छटा मला ओळखता येतात,
ऑलिव्ह हिरवा मात्र लग्नानंतर शिकलो.
तिच्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगाने मीच लिहिलं:
कॅप्टन हर्षला तांडेल.
आई दारात उभी राहून वाचत होती.
आपलं आडनाव बसलं नसतं का रे?
पेटी लहान आहे, आई.

सोसायटीचे घोसाळकर लिफ्टमध्ये हळूच विचारतात,
मिसेसना सांगून कॅन्टीनच्या दोन बाटल्या?
पंधरा ऑगस्टला तेच मला तिच्या जागी
झेंड्याखाली उभं करतात.
मला सॅल्यूट येत नाही.
मी नमस्कार करतो, देवळात करतात तसा,
आणि पहिल्या मजल्यावरची मुलं हसतात.

फोन येतो वीस चाळीसला.
कुठे आहेस, हे विचारायचं नाही.
म्हणून विचारतो, काय जेवलीस?
डब्यातलं अननस म्हणाली, म्हणजे फार वर.
बटाटा, बटाटा, पुन्हा बटाटा, म्हणजे रस्ता बंद.
एकदा म्हणाली, आज मेथी होती,
आणि मी ओट्याशी उभा राहून
रिकाम्या घराला मोठ्याने सांगितलं: मेथी!

जानेवारीत खाडीवर फ्लेमिंगो आले.
फोटो पाठवून लिहिलं, तुझ्यासारखेच, येतात आणि जातात.
दोन दिवसांनी उत्तर आलं:
त्यांना रजा मंजूर करून घ्यावी लागत नाही.

मार्चमध्ये आली. अकरा दिवस.
पहिल्या रात्री पाठ भिंतीला टेकवून झोपली,
साडेचारला उठली,
चादरीचे कोपरे असे ताणले
की मला माझ्याच पलंगात शिरायची भीती वाटली.
तिसऱ्या दिवशी हातात वाटी घेऊन विचारलं,
चमचे कुठे ठेवतोस?

ठेवतोस.

मी खण उघडून दाखवला, पाहुण्याला दाखवावा तसा.
ते दोघांनाही एकदमच कळलं.
मग काही न बोलता तिने सगळे चमचे उचलले
आणि गॅसच्या डावीकडच्या खणात टाकले, खळ्ळकन.
अजून मी आधी चुकीचाच खण उघडतो.
चमचे तिथेच आहेत, तिने ठेवले तिथे.

तिच्या कागदांमध्ये एक रकाना आहे:
प्रथम कोणास कळवावे.
तिथे पूर्वी तिच्या वडिलांचा नंबर होता.
लग्नाच्या मांडवात पाठवणी झालीच नाही,
ती चौथ्या दिवशी एकटीच विमानाने गेली.
पाठवणी झाली ती नंतर, उरणला, त्यांच्या ओटीवर.
त्यांनी तो फॉर्म माझ्यापुढे सरकवला,
मी नंबर लिहिला, त्यांनी दोनदा ताडून पाहिला,
माझा हात हातात घेतला आणि म्हणाले,
फोन चार्ज ठेवत जा.

म्हणून लॅबमध्ये मनाई असली तरी तो खिशात असतो.
दुपारी कधी अनोळखी नंबर येतो.
माझ्या हातातल्या पट्टीवरचा निळा
तेवढा वेळ कोणताही रंग नसतो.
हॅलो.
सर, पर्सनल लोनची ऑफर होती आपल्यासाठी.

मी स्टुलावर बसतो.
नको, म्हणतो. पण तुम्ही होतात, बरं झालं. आभारी आहे.
पलीकडे ती मुलगी थांबते.
पुढचं वाक्य तिला लिहून दिलेलं नसावं.