पाख

विडीच्या कारखान्यातून आमाले नेलं तवा
मुकादमानं फक्त बोटं पाहिली.
नाव कोनी विचारलं नाई.
हातातली पानं ठेवा म्हने, चला,
लढाई लागली.

कोनासंग, हे दसरीनं विचारलं.
मुकादमालेही नीट ठाव नोतं.

वैनगंगेच्या अल्याड, धानाच्या बांध्या मोडून केलेलं मैदान,
त्याच्या कडेले टिनाचा लांब शेड,
अन् शेडात इमानं. उघडी.
सोललेल्या बकऱ्यागत फासळ्या दिसत.
लाकडाच्या फासळ्या, तेवढ्या आमाले समजल्या.
लोखंडाकडं पुरुष.

आमाले कापड. जाड सुई, मेन लावलेला दोरा.
इंचाले आठ टाके, साहेब बोटं दाखवून सांगे,
सात निघाले का पुरी वळ उसवून परत.
विडीच्या कट्ट्यात एक कमी निघाली तरी असंच व्हायचं,
म्हनून कोनी रडलं नाई.

वरून वार्निश चढवत. पिकल्या केळीचा वास.
दुपारपावतर डोकं असं जड
जसं मोहाच्या हंड्याजवळ निजलो.
सुकलं का कापड मात्र तानून बसे,
टिचकी मारली तर वाजे, डफड्यागत.
पुस्तकला कोष्ट्याची, मागाखाली रांगलेली,
ती प्रत्येक पंखाले कान लावे.
"ताना बरोबर हाय," म्हने. "आता उडन हे."

आमच्यात पाख म्हंजे पाखराचा पंख,
अन् छपराची उतरती बाजू, तेही पाखच.
पुस्तकलानं दुभाष्याले सांगितलं,
साहेबाले सांग, आमी इमान शाकारतो.
तो हसला.
साहेबाले सांगितलंच नाई त्यानं.

इमानात बसाले मनाई होती.
हात जाये आत, कोपरापावतर.
तेवढं आभाळ आमचं.

माघात एक पाख परत आलं,
ट्रकवर, काथ्यानं बांधून.
भोकं नऊ.
पुस्तकलानं शिवनीवरून बोट फिरवत नेलं
अन् टोकाशी थांबली.
"माही गाठ."
डाव्या हातानं मारलेली, मागवाल्याची गाठ.
"पाहा वं, उसवली नाई!"
कितीतरी वेळ ती हेच सांगत फिरली, जवळपास नाचतच,
मंग एकाएकी गप झाली.
"बसनारा कुठं हाय याचा?"

साहेबानं कागदावर लिहिलं काहीतरी.
दुभाष्या म्हने, दुरुस्ती, असं लिहिलं.

आतल्या अंगाले डाग होता, वाळलेला.
रंगानं झाकून जाते, फोरमन म्हने.
पुस्तकला नदीवर गेली, बादली भरून आनली.
मळल्या कापडावर ठिगळ धरत नाई, एवढंच बोलली,
अन् पदर पिळून पिळून धूत राहिली.
त्या दिवशी तिचे टाके इंचाले दहा भरले.
कोनी उसवाले लावले नाई.

लढाई सरली हे आमाले
पगार आला नाई तवा समजलं.

आता पुन्हा विडी. पान, तंबाखू, सूत.
शेडात सोसायटीचं धान भरते.
दसरीनं तवा लुगड्याखाली लपवून
हातभर कापड आनलं होतं, वार्निश लावलेलं.
त्यानं तिनं फुटकं सूप मढवलं.
धान पाखडलं का वाजते ते.
शेजारीन विचारते, कायचं वं हे कापड?
"पाखाचं," दसरी म्हनते.
शेजारीन वर पाहाते,
छपराकडं.