नमुना खोली

आमच्या इमारतीत तळमजल्यावर, डाव्या हाताला
एक खोली आहे जिथे कुणीच राहत नाही.
चार पलंग. (आमच्या खोलीत आठ.)
चार उशा, अजून दुकानाचा वास असलेल्या,
टेबलावर कागदी जास्वंद, वाचायला दिवा,
भिंतीवर तीन भाषांत नियम
पाहुण्यांना वाचता येतील अशा उंचीवर.

दर गुरुवारी मी तिथे फडकं मारते.
भिंगाखालचे स्क्रू मला दोनाचे चार दिसायला लागले
तेव्हा रेजिना मॅडमनी कामावरून काढलं नाही,
लाइनवरून खाली आणलं. उपकारच म्हणायचे.
त्या चादरींना सुरकुती पडत नाही.
पडणार कशी?
तरी मी त्या ओढून घेते,
जणू रात्री कुणी कूस बदललीय.

वर सहाव्या मजल्यावर
पूंगोदै सकाळी कामावरून येते
तेव्हा पलंग ऊबदार असतो,
आधीची नुकतीच उठून गेलेली.
दोघी एकमेकींना ओळखपत्रावरच्या फोटोपुरत्या ओळखतात.
एकीने उशीखाली ठेवलेली कडलै मिठाई
दुसरी अर्धी खाते, अर्धी ठेवते.
सात महिन्यांत बोलणं एवढंच.
खिडकी चार बोटं उघडते.
चार बोटांत मावतो एक ताडाचा शेंडा
आणि कंपनीच्या बसगाड्यांचं पटांगण.
चेय्यारहून आई फोनवर विचारते, जागा कशी आहे गं?
लिफ्ट आहे म्हटलं की तिचं समाधान होतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
इथे अंथरूण मोजून मिळतं, सहा फूट बाय अडीच.
पाय तेवढे पाळीप्रमाणे बदलतात.

ऑगस्टात फुलमनी आली, दुमक्याकडची.
तमिळ येईना, हिंदीही मोजकीच.
तिसऱ्या संध्याकाळी तिला ताप चढला.
आजाऱ्यांच्या खोलीला कुलूप, चावी नर्सकडे,
नर्स वेल्लूरला, भावाच्या लग्नात.
आणि दाराशी त्याच पलंगाची दुसरी मालकीण,
बारा तास उभी राहून आलेली,
चपला हातात घेऊन थांबलेली.
ती काही बोलली नाही. तेच जड गेलं.

माझ्याकडे एक चावी होती.

रात्रभर फुलमनी पलंगावर, मी जमिनीवर.
दिव्याचं बटण दाबलं, लागला नाही.
उलटा करून पाहिला, आत बल्बच नव्हता.
अंधारात ती सारखी म्हणत होती, आयो, आयो.
मला वाटलं कण्हतेय,
आमच्याकडे दुखलं की अय्यो म्हणतात.
तिच्याकडे आयो म्हणजे आई, हे नंतर कळलं.
फार काही चुकलं नव्हतं माझं.

सकाळी साडेनवाला परदेशी पाहुणे,
एक दिवस आधीच.
मी चादर ओढली, उशी झटकली, जास्वंद सरळ केली.
पाहुण्यांतली एक उंच बाई वाकली
आणि उशीवरून दोन बोटांत उचलला
एक लांब काळा केस.
रेजिना मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली.
बाईने केस उजेडात धरला,
वहीत काही लिहिलं, हसली.
दुभाष्या म्हणाला, त्या म्हणताहेत
छान. खोली राहती वाटते.

त्या वर्षी आम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले.
आता पाहणीच्या आदल्या दिवशी
मॅडम मला सहाव्या मजल्यावर पाठवतात,
कुणाच्या तरी कंगव्यातला एक केस आण म्हणून.
पोरी हसत हसत देतात.
बल्ब अजून लावलेला नाही.